लर्निंगनंतरचे तीस दिवस

कोथरूडमधल्या एका घरात संध्याकाळी मेथी निवडणं चाललं होतं आणि ताटाशेजारी पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. मोबाइलवर 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावरचा रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ, आवाज बारीक. तो संपल्याशिवाय परीक्षा उघडत नाही, म्हणून नुसता चालू ठेवलेला. घरातल्या काकूंचं वय सत्तेचाळीस. मुलगी शिकायला बाहेरगावी, नवऱ्याची गाडी आठवड्यातले पाच दिवस कव्हरखाली. व्हिडिओ संपला, मेथीही संपली. हात पुसून त्यांनी परीक्षा दिली. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. त्यांचे तेरा आले. लर्निंग लायसन्स हातात आल्यावर मुलगा त्यांना उत्साहानं खाली पार्किंगमध्ये घेऊन गेला आणि चालकाच्या सीटवर बसवलं. त्यांनी पायाशी पाहिलं, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि विचारलं, "यातला ब्रेक कुठला?" मुलगा हसला. त्या हसल्या नाहीत.

तो प्रश्न मनातून जात नाही. 'पुढे शाळा आहे'ची पाटी कशी दिसते, पिवळा दिवा लागला की काय करायचं, रुग्णवाहिका आली तर कुठल्या बाजूला सरकायचं, हे सगळं त्यांना येत होतं. शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस बसवून, पुढेमागे 'एल' लावून त्या कर्वे रस्त्यावर गाडी काढू शकत होत्या, तसा कागदही त्यांच्याकडे होता. फक्त तीन पेडलपैकी कुठलं काय करतं, हे त्यांना अजून कुणीच सांगितलेलं नव्हतं. आणि विचारल्यावर हसू आलं, म्हणजे पुढच्या वेळी त्या विचारणार नाहीत.

महाराष्ट्रात २०२१ च्या जूनपासून आधारच्या आधारे घरबसल्या लर्निंग काढता येतं, आणि ही सोय फार चांगली आहे असं मी मनापासून मानतो. त्याआधी संगम पुलाजवळच्या आरटीओत अर्धा दिवस मोडायचा, रांगेत उभं राहायचं, फाटकापासून मागे लागणाऱ्या एजंटांना चुकवायचं, आणि मग अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या घोळक्यात बसून परीक्षा द्यायची. चाळिशी ओलांडलेल्या कित्येक बायकांनी आणि पुरुषांनीही केवळ या प्रसंगापायी 'आता काय करायचंय लायसन्स' असं म्हणून विषय सोडून दिला. आता चाळिशीनंतर लागणारं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, तो फॉर्म १-ए, तेवढा मिळवला की बाकीचं घरून होतं. पण या सोयीत एक गोष्ट निसटली. पूर्वी निदान एक माणूस उमेदवाराला समोर बघत तरी होता. आता पाटी ओळखणं आणि गाडी चालवणं यांच्यामध्ये जे सगळं शिकायचं असतं, ते कुणाच्याच ताब्यात नाही. कायदा म्हणतो, लर्निंग सहा महिने चालेल आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येईल. लोक या तीस दिवसांना थांबण्याचा काळ समजतात, तारीख यायची वाट बघतात. खरा अभ्यासक्रम तोच आहे. त्याला पुस्तक नाही आणि ठरलेला मास्तरही नाही.

मोठ्या माणसाचं शिकणं वेगळं असतं, हे ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत फार कमी वेळा लक्षात घेतलं जातं. अठरा वर्षांचा मुलगा चार वेळा गाडी बंद पाडतो, पाचव्यांदा जमतं, का जमलं हे त्याला सांगता येत नाही आणि त्याचं काही अडतही नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला कारण लागतं. बंपर बदलायला किती पैसे लागतात हे त्याला माहीत असतं, त्यानं अपघात पाहिलेले असतात, घरी कोण वाट बघतंय हेही डोक्यात असतं. तो घाबरतो ते धीर नसतो म्हणून नाही. पाय हलवल्यावर बॉनेटखाली काय होतं, याचं चित्र त्याच्यापाशी नसतं. आणि शेजारून सूचना येते ती एवढीच: "क्लच हळू सोडा. हळू… हळू म्हटलं ना!" किती हळू, कुठपर्यंत, आणि का?

तर ते चित्र असं. इंजिन चालू असताना ते कधीच स्थिर नसतं; गाडी उभी असली तरी ते मिनिटाला साधारण आठशे फेरे घेत असतं. चाकं मात्र थांबलेली. फिरणारी वस्तू थांबलेल्या वस्तूला एकदम जोडली तर दोहोंपैकी एकीला हार मानावी लागते, आणि गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास असल्यामुळे हरतं ते इंजिन. गाडी झटका खाऊन बंद पडते ती म्हणून. क्लच म्हणजे या दोघांमधली एक खरखरीत तबकडी. पेडल पूर्ण दाबलं की ती इंजिनापासून सुटी होते, पूर्ण सोडलं की घट्ट चिकटते. या दोन टोकांच्या मध्ये पेडलच्या प्रवासात एक छोटीशी जागा असते, तिथे तबकडी घासत घासत चाकांना हळूहळू इंजिनाच्या वेगावर आणते. तोच हाफ क्लच. पेडलचा खालचा बराच प्रवास रिकामा असतो, तिथे हळू सोडण्यात काही कमाई नाही. त्या छोट्या जागेत मात्र दोन सेकंद पाय रोखून धरायचा असतो. 'हळू सोडा'पेक्षा 'इथपर्यंत या आणि थांबा' ही सूचना शंभरपट उपयोगी आहे.

आणि ती जागा शोधायला ॲक्सिलरेटर लागतच नाही. सपाट जागा घ्यावी, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी, उजवा पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवावा आणि मग ब्रेक सोडून डाव्या पायानं क्लच वर आणत जावं. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते, पुढचा भाग किंचित उचलल्यासारखा वाटतो. तिथेच थांबायचं. गाडी स्वतःहून सरकायला लागते. बहुतेक पेट्रोल गाड्या पहिल्या गिअरमध्ये निव्वळ इंजिनाच्या रिकाम्या चालीवर ताशी सहाएक किलोमीटरनं, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं जातात. घाबरलेल्या माणसाला हे एकदा अनुभवू द्यावं: पायानं रेस दिली नाही तर ही गाडी माझ्या चालण्यापेक्षा जोरात जाणारच नाही. पुन्हा क्लच दाबा, ब्रेक दाबा, थांबा. पुन्हा. अर्धा तास फक्त एवढंच. त्या अर्ध्या तासात तिसरा गिअर टाकून दाखवण्याची घाई शेजारच्याला होत असेल, तर शेजारचा बदलावा.

क्लासच्या गाडीबद्दल एक गोष्ट शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवी, ती अशी की सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. ही सुरक्षेची उत्तम सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण तिचा परिणाम फसवा असतो. चौकात गाडी अलगद थांबते, शिकणाऱ्याला वाटतं आपण थांबवली. चढावर गाडी बंद पडत नाही, वाटतं हाफ क्लच जमला. दोन आठवड्यांनी घरच्या गाडीत बसल्यावर तीच व्यक्ती पहिल्या सिग्नलला गाडी तीनदा बंद पाडते आणि 'मला हे जमणारच नाही' असा निष्कर्ष काढते. तिला जमत नव्हतं असं नाही, अर्धं काम दुसऱ्याचा पाय करत होता एवढंच. म्हणून क्लासला लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून स्पष्ट सांगावं: सर, धोका असेल तेव्हाच तुमचा पाय लावा, आणि लावलात की मला सांगा.

बसण्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट लांब आहे आणि हाफ क्लच कधीच सापडणार नाही. पाठ टेकलेली ठेवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडावं. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान वीतभराहून जास्त, साधारण पंचवीस सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग तिथूनच उघडते. उंची कमी असलेल्या बायका रस्ता नीट दिसावा म्हणून स्टिअरिंगला जवळजवळ चिकटून बसतात. त्यांनी आधी सीटची उंची वाढवावी, ती वाढत नसेल तर घट्ट, न सरकणारी उशी घ्यावी. उजव्या पायाची टाच जमिनीवर ब्रेकच्या समोर टेकवायची आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त चवडा फिरवायचा. पाय उचलून इकडून तिकडे नेणाऱ्याचा घाईच्या क्षणी चुकीच्या पेडलवर पाय पडतो. मागून पट्टा नसलेली चप्पल नको, ती निसटून ब्रेकखाली अडकते. सुटी पायपुसणी नको. आणि पाण्याची बाटली चालकाच्या पायाशी कधीही नको. ती गडगडत ब्रेकच्या मागे गेली तर पेडल खाली जातच नाही.

पुण्यात आरसे जीव वाचवतात.

इथल्या रस्त्यावर दुचाक्या चारही बाजूंनी असतात, आणि नव्या चालकाला सर्वांत मोठा धोका डावीकडून असतो. डावीकडे वळायचं म्हणून आपण गाडी हळू करतो, आणि नेमक्या त्या हळू होण्यामुळे मागचा स्कूटरवाला डाव्या फटीतून पुढे काढतो. तो चुकीचा की बरोबर, हा वाद गाडी त्याच्या अंगावर गेल्यावर निरर्थक असतो. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी इंडिकेटर, मग गाडी हळूहळू डाव्या कडेला नेऊन ती फट बंद करायची, मग डावा आरसा, आणि वळण्याआधी मान वळवून एक नजर. मान वळवायची कारण आरशात न दिसणारा एक पट्टा प्रत्येक गाडीला असतो आणि स्कूटर त्यात पूर्ण मावते. बाहेरचे आरसे असे लावावेत की आपल्याच गाडीची बाजू अगदी काठावर, जेमतेम दिसेल. अर्धा आरसा स्वतःचा दरवाजा दाखवत असेल तर तो अर्धा आरसा वाया गेला. हे आरसे फुगीर असल्यामुळे मागची गाडी आहे त्याहून लांब वाटते, हे रोज आठवायचं. आणि गाडी थांबवून उतरताना दार डाव्या हातानं उघडायचं. उजवीकडचं दार डाव्या हातानं उघडायला गेलं की खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली तर आयुष्यभर टिकते.

वेगाचं गणितही शिकाऊ माणसाला आकड्यांत सांगावं, मोठ्या माणसाला आकडे पटतात. ताशी ४० म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे अकरा मीटर आपण काहीच केलेलं नसतं. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला अजून नऊ-दहा मीटर. एकूण वीस मीटर, म्हणजे पाच छोट्या गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर होईल तेवढी जागा. ताशी ६० ला हे अंतर दीडपट न होता जवळजवळ दुप्पट होतं, कारण ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारी जागा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ओल्या रस्त्यावर त्याहूनही जास्त. मोबाइलकडे दोन सेकंद पाहणं म्हणजे काय, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता चढ-उतार. पुण्यात चढ टाळून गाडी शिकताच येत नाही. उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नलची रांग मागे येते, चांदणी चौकातले रॅम्प आहेत, बावधन-पाषाणकडचे गल्लीतले चढ आहेत. गाडी मागे जाईल या एका भीतीनं लोक कित्येक महिने ठरावीक रस्ते सोडून जातात. यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे: हँडब्रेक. गाडी हँडब्रेकवर उभी करायची, पहिला गिअर, क्लच त्या घासण्याच्या जागेपर्यंत वर आणायचा, आवाज जड झाला आणि नाक किंचित उचलल्यासारखं झालं की थोडी रेस, आणि मग हँडब्रेक खाली. गाडी मागे जातच नाही, कारण ब्रेक सुटण्याआधीच इंजिनानं ती पेललेली असते. जे लोक हँडब्रेक न वापरता चढावर हाफ क्लचवरच गाडी तोलून धरतात, त्यांचं कौशल्य दिसतं खरं, पण तबकडी तिथे सतत घासत असते. जळका वास येतो तो तिचाच. क्लचच्या गाडीऐवजी ऑटोमॅटिक घेतली म्हणजे चढाचा प्रश्न सुटला असंही नाही. स्वस्तातल्या एएमटी गाड्या, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रच सांभाळतं त्या, हिल होल्ड (चढावर गाडी काही क्षण धरून ठेवणारी सोय) नसेल तर, ब्रेकवरचा पाय उचलताच चढावर थोड्या मागे येतात. अरुंद घाटात समोरासमोर गाठ पडली तर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, हा नियम सिंहगडावर जाणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावा.

उतार त्याहून गंभीर. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झाले हे पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनानं तिथे ओळीनं गाड्या उडवल्या, तेव्हा उतारावर इंजिन बंद ठेवल्याची गोष्ट पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आली होती. इंधन वाचवायला न्यूट्रल टाकणं किंवा इंजिन बंद करणं ही सवय फक्त ट्रकवाल्यांची नाही, घरच्या मोठ्यांकडून ती नव्या चालकालाही शिकवली जाते. का करू नये, तर गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर इंजिनाला फिरवत नेते आणि त्या ओढीनं तिचा वेग आवरला जातो. न्यूट्रलमध्ये हा आधार जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट: छोट्या गाडीतही ब्रेकला मदत करणारी यंत्रणा इंजिनाच्या जोरावर चालते, दोन-तीनदा पेडल दाबलं की साठवलेली मदत संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. स्टिअरिंगही जड होतं. शिवाय आजच्या पेट्रोल गाड्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरताना इंधन जवळजवळ तोडतातच, म्हणजे न्यूट्रलमध्ये बचतही नाही. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. एवढं एक वाक्य त्या व्हिडिओत सविस्तर, चित्रासह असायला हवं.

सराव कुठे करायचा, हा प्रश्न शहरात खरा आहे. म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा नदीकाठचा डीपी रस्ता सपाट आहे, रविवारी सकाळी गाड्या कमी असतात; चालायला निघालेली माणसं मात्र असतात, त्यांच्यासाठी वेग आणखी कमी ठेवायचा. पहिले काही दिवस फक्त डावीकडे वळणारी फेरी आखावी, कारण उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्यांचा अंदाज घ्यावा लागतो आणि ते दुसऱ्या आठवड्याचं काम आहे. बाजीराव रस्ता, लक्ष्मी रस्ता वगैरे शेवटी. 'एल'ची पाटीही नियमाप्रमाणे असावी: पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर, पाटी निदान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच. काचेला चिकटवलेला हाताएवढा कागद मागच्या बसवाल्याला दिसत नाही, आणि ती पाटी त्याच्यासाठीच असते.

पक्क्या परीक्षेसाठी पुण्यात चारचाकीवाल्यांना नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर जावं लागतं. तिथे आठचा आकडा, इंग्रजी एचच्या आकाराची जागा, आणि चढ. आठमध्ये लोक चुकतात ते एकाच कारणानं: मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेतून जात नाहीत, ती वळणाच्या आतून जातात. पुढचं चाक आतल्या कडेला लावून वळवलं की मागचं कडेवर चढतं. म्हणून बाहेरच्या कडेजवळ राहायचं आणि वेग हाफ क्लचवर ठेवायचा. एचमध्ये मागे जाताना उलटं: मागची चाकं दिशा ठरवतात आणि गाडीचं नाक बाहेर झुलतं, मागे बघण्याच्या नादात पुढचा कोपरा खांबाला लागतो. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण वयानं मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा तिथे जाणं जड जातं, म्हणून घराजवळच्या मैदानावर विटा मांडून हे दोन आकार आधी करून जावेत.

केंद्राच्या नियमांत १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची तरतूद आहे. हलक्या वाहनासाठी तिथे चार आठवड्यांत २९ तासांचं शिक्षण ठरवलेलं आहे, ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर. हा आकडा बघावा आणि मग आपल्या क्लासचा हिशेब मांडावा: रोज अर्धा तास असे वीस दिवस धरले तरी गाडीवरचे दहाच तास होतात, आणि त्यातला काही वेळ दुसरा शिकणारा चालवत असताना मागच्या सीटवर जातो. उरलेले अकरा तास कुठून आणायचे, तर घरच्या गाडीत, शेजारी शांत माणूस बसवून. आणि वर्गातले आठ तास? तिथेच पडदा कामाचा आहे. क्लच कसा घासतो, मागचं चाक आतून का जातं, न दिसणारा पट्टा किती मोठा असतो, हे गाडीत बसून दाखवता येत नाही. व्हिडिओत उत्तम दाखवता येतं, थांबवून पुन्हा बघता येतं, आणि पुन्हा विचारलं म्हणून कुणी हसत नाही.

म्हणून लर्निंगच्या परीक्षेत पाट्यांच्या प्रश्नांशेजारी असेही प्रश्न असावेत असं मला फार वाटतं. डावीकडे वळण्याआधी मान का वळवायची? चढावर हँडब्रेक कधी सोडायचा, आवाज जड होण्याआधी की नंतर? उतारावर न्यूट्रल टाकलं तर वेग कोण आवरणार? गाडी अचानक बंद पडली तर ब्रेक किती वेळा दाबता येईल? आणि सगळ्यांत आधी, एका साध्या चित्रावर बोट ठेवून: या तीन पेडलपैकी उजव्या पायाची दोन कुठली, आणि डाव्या पायाचं एक कुठलं?